सुई टोचल्याचा कागद कुठे आहे?

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग
मा. सचिव, कामगार विभाग
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : रुग्णालयात काम करताना जडलेल्या आजाराची भरपाई आणि तिच्यासाठी लागणारी नोंद

महोदय, महोदया,

वॉर्डात काम करताना क्षयरोग झालेल्या परिचारिका, सुई टोचून कावीळ बी (हिपॅटायटिस बी) झालेले प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कचऱ्याच्या पिशव्या उचलताना हात फाडून घेतलेल्या मावशी आणि मामा यांची भरपाईची प्रकरणे आम्ही तयार करतो, तपासतो आणि लढवतो. आमच्यात परिचारिका आहेत, तंत्रज्ञ आहेत, डॉक्टर आहेत आणि वकीलही. ही प्रकरणे कायद्यात बसतात. तरीही ती पडतात, कारण फाइलमध्ये कागद नसतो. आणि जो कागद नसतो तो बहुतेक वेळा रुग्णालयाने करायचा असतो.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो, कारण तालुक्याच्या रुग्णालयांपासून मोठ्या महाविद्यालयांपर्यंत अनेक अधीक्षकांना ते ठाऊक नसते. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजारांची यादी आहे. तिच्या ‘अ’ भागातली पहिलीच नोंद संसर्गजन्य आणि परोपजीवी आजारांची आहे, आणि त्या नोंदीत आरोग्यसेवेचे व प्रयोगशाळेचे काम स्पष्ट लिहिलेले आहे. ‘ब’ भागातल्या आजारांना एकाच मालकाकडे सलग ६ महिने नोकरीची अट आहे. ‘अ’ भागाला ती नाही. रुजू होऊन तीन आठवडे झाले असले तरी चालते. अशा कामावर असा आजार जडला तर तो अपघाती इजाच मानायचा, आणि विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती इजा कामामुळे व कामावर असतानाच झाली असे धरायचे, असे कलम ३(२) सांगते. म्हणजे सिस्टरला क्षयरोग घरी झाला असे रुग्णालयाचे म्हणणे असेल तर ते रुग्णालयाने सिद्ध करायचे. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा कायद्यालाही अशीच अनुसूची जोडलेली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावले गेले, आणि संहितेतही ही यादी तिसऱ्या अनुसूचीतच आहे. त्याआधीच्या आजारांची प्रकरणे अजून जुन्या कायद्याखाली चालू आहेत.

इतके असूनही प्रत्यक्ष सुनावणीत ओझे उलटे फिरते. रुग्णालय काहीच सिद्ध करत नाही. ‘अशा कोणत्याही घटनेची आमच्या दप्तरी नोंद नाही,’ एवढे एक वाक्य लिहून देते. मग घटना दाखवण्याची जबाबदारी आजारी माणसावर येते.

सुईचेच घ्या. पहाटे ३ चा सुमार, मेडिसिनचा वॉर्ड, ४० खाटा आणि जमिनीवर आणखी गाद्या, ड्युटीवर दोन सिस्टर. रक्त घेऊन झाले आहे. सुई कापून टाकणारे हब कटर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला नर्सिंग स्टेशनवर आहे. हातात ट्यूब, चिमट्यात कापूस. सुई उघडी नेण्यापेक्षा टोपण लावलेले बरे म्हणून त्यांतली एक टोपण लावायला जाते आणि सुई टोपणाच्या कडेवरून घसरून डाव्या हाताच्या तर्जनीत शिरते. ती बोट पिळते, स्पिरिट लावते, पुढच्या खाटेकडे जाते. यातले पिळणे चुकीचे आहे. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचे, पिळायचे नाही, जखमेवर ब्लीच किंवा स्पिरिट ओतायचे नाही. पण तिला हे कुणी कधी करून दाखवलेले नसते.

यापुढे जे व्हायला हवे ते असे. शक्यतो २ तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्यांचा पहिला डोस, मग २८ दिवस सलग. ज्याचे रक्त होते त्या रुग्णाची संमती घेऊन एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तिन्ही तपासण्या. आणि सिस्टरच्या स्वतःच्या रक्ताचा नमुना त्याच दिवशी. हा शेवटचा नमुना भरपाईच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा, आणि नेमका तोच घेतला जात नाही. त्या दिवशीचा अहवाल निगेटिव्ह आणि ६ आठवडे, ३ महिने किंवा ६ महिन्यांच्या तपासणीत पॉझिटिव्ह, एवढे दोन कागद असले की संसर्ग मधल्या काळातला ठरतो. पहिला नमुना तीन महिन्यांनी घेतला असेल तर समोरच्या वकिलाला एकच प्रश्न पुरतो : आधीपासून नव्हते कशावरून?

मग अडते कुठे? गोळ्या असतात कॅज्युअल्टीच्या कपाटात, किल्ली असते इन्चार्ज सिस्टरकडे, आणि त्या सकाळी ८ ला येतात. एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्र सकाळी उघडते. तोवर त्या रुग्णाला डिस्चार्ज मिळालेला असू शकतो. आणि अहवालाच्या छापील नमुन्यात ‘घटनेचे कारण’ असा रकाना असतो. तिथे खरे लिहायचे म्हणजे ‘सुईला टोपण लावले’ असे लिहायचे, म्हणजे मेमो ओढवून घ्यायचा. नोंद करणे म्हणजे कबुलीजबाब देणे होऊन बसले आहे. त्यामुळे शहाणी सिस्टर गप्प राहते.

रुग्ण एचआयव्हीबाधित असेल तर सुईच्या एका इजेमागे एचआयव्हीचा धोका साधारण हजारात ३ आहे. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याचा धोका मात्र बाधित रुग्णाच्या स्थितीनुसार शंभरात ६ ते ३०. लस ०, १ आणि ६ महिन्यांना. शेवटच्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडे १० एककांच्या (mIU/mL) वर आहेत ना, ते पाहायचे. ही तपासणी आम्हाला फाइलमध्ये फार क्वचित दिसते. मावशी-मामांच्या बाबतीत तर लसही नसते, कारण कंत्राटदार म्हणतो रुग्णालय देईल आणि रुग्णालय म्हणते कंत्राटदाराने द्यावी. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये याचे उत्तर आहे : कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, रुजू होताना आरोग्य तपासणी आणि पुढे वर्षातून किमान एकदा तपासणी, ही जबाबदारी रुग्णालयाची. माणूस कुणाच्या मस्टरवर आहे, हा प्रश्नच येत नाही.

याच नियमांखाली प्रत्येक रुग्णालय दरवर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक अहवाल देते. त्यात वर्षभरात किती अपघात झाले, किती जणांना बाधा झाली आणि काय उपाय केला, असे रकाने आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाणारे हे अहवाल एकदा उघडून पाहावेत, अशी आमची विनंती आहे. ३०० खाटांच्या रुग्णालयात वर्षभरात कुणालाही सुई टोचली नाही, यावर आम्ही विश्वास ठेवू शकत नाही. तिथला शून्य म्हणजे न लिहिलेल्या इजा.

क्षयरोगाची गोष्ट याहून अवघड, कारण तिथे टोचण्याचा क्षणच नसतो. जंतू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत काही आठवडे जातात किंवा काही वर्षे. धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वात जास्त. अशा आजारात ‘कोणत्या रुग्णाकडून, कोणत्या तारखेला?’ असे विचारणे म्हणजे दावा फेटाळण्याची तयारी करणे. तरी हाच प्रश्न विचारला जातो.

आणखी एक गैरसमज इथेच खोडायला हवा. धोका क्षयरोगाच्या वॉर्डातच असतो, असे धरून चालतात. तिथे निदान ठाऊक असते, उपचार सुरू झालेले असतात, मास्क लावलेला असतो. खरा धोका निदान न झालेल्या रुग्णाचा. तो कॅज्युअल्टीत खोकत बसतो, एक्स-रेच्या रांगेत उभा राहतो, बाळंतपणाच्या वॉर्डात असतो, शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतो. एक्स-रे तंत्रज्ञाचा, भूलतज्ज्ञाच्या मदतनिसाचा, केस पेपर काढणाऱ्या कारकुनाचा दावा ‘तुमचा क्षयरोगाशी संबंध नाही’ म्हणून परत येतो, तेव्हा संसर्गाचे साधे ज्ञानच नाकारलेले असते.

मग पुरावा कशाचा? तारखेचा क्षण नाही, पण कागद आहेत. रुजू होतानाचा छातीचा एक्स-रे आणि सुप्त संसर्गाची चाचणी (आयजीआरए किंवा सीवाय-टीबी). आज एक्स-रे काढतात, ‘फिट’ असा शिक्का मारतात आणि फिल्म कर्मचाऱ्याच्या हाती देतात किंवा संगणकातून पुसतात. दुसरा कागद ड्युटी लिस्ट. कोण कोणत्या वॉर्डात किती महिने होते हे तीच सांगते, आणि वर्ष उलटले की ती रद्दीत जाते. तिसरा, त्या काळात त्या वॉर्डात निदान झालेल्या रुग्णांची यादी. ती निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालीत असतेच, नावे झाकून आकडा देता येतो. चौथा, कर्मचाऱ्याच्या कल्चरचा (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याचा) आणि कोणते औषध त्यांना लागू पडते याचा, म्हणजे औषधसंवेदनशीलतेचा अहवाल. आयुष्यात पहिल्यांदाच क्षयरोग झालेल्या, घरात कुणी रुग्ण नसलेल्या परिचारिकेला थेट औषधाला दाद न देणारा क्षयरोग व्हावा आणि तोच प्रतिकार तिच्या वॉर्डातल्या रुग्णांत असावा, याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

बचाव म्हणून रुग्णालय सांगते, ‘मास्क दिला होता.’ कोणता? शस्त्रक्रियेचा तीन पदरी मास्क समोरच्याला आपल्या थुंकीपासून वाचवतो. हवेत तरंगणाऱ्या क्षयजंतूंसाठी एन-९५ लागतो, आणि तोही चेहऱ्याला कडेने घट्ट बसतो का हे तपासून. इंडेंटमध्ये (मागणीपत्रात) किती मागितले, स्टोअरने किती दिले, माणशी किती दिवसांना एक आला, हे आकडे काढले की बचाव गळून पडतो. वायुविजनाचेही तसेच. धोक्याच्या जागी ताशी किमान १२ वेळा हवा बदलावी लागते. जुन्या दगडी इमारतीतल्या उंच खिडक्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. आता स्प्लिट एसी बसवतात, खिडक्यांना काच ठोकतात, आणि तो एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. शिवाय सुरक्षेची सूचना मुद्दाम मोडल्याचा बचाव मृत्यू आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणात चालत नाही, हे भरपाई कायद्यातच लिहिलेले आहे.

आता तारखेविषयी. दावा २ वर्षांच्या आत करायचा असतो. आजाराच्या बाबतीत ही मुदत त्या आजारामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली त्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पण क्षयरोगाची लाज अजून गेलेली नाही. रजेच्या अर्जावर ‘ताप’ लिहितात, ‘घरगुती कारण’ लिहितात, अर्जित रजा वापरून टाकतात. आस्थापना शाखा ते तसेच मस्टरवर चढवते. पुढे आजाराची पहिली तारीख शोधताना मस्टरच कर्मचाऱ्याच्या विरुद्ध साक्ष देते. सरकारी सेवेतल्या कायम कर्मचाऱ्यांसाठी रजा नियमांत विशेष विकलांगता रजा आहे. विशिष्ट कर्तव्यामुळे जडलेल्या आजारालाही ती लागू होते. मात्र आजार त्या कर्तव्यामुळेच झाला असे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, आणि ते द्यायला हात धजत नाहीत.

पैशांच्या हिशेबात एक खड्डा आहे. तो या तिन्ही विभागांनी समोरासमोर बसून पाहावा. ईएसआयची वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे. ईएसआयमधल्या कर्मचाऱ्याचा आजार कामामुळे झालेली इजा म्हणून नोंदला गेला तर सरासरी वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते, आणि त्यासाठी किती दिवसांची वर्गणी भरली याची अट नाही. तोच आजार साधे आजारपण म्हणून नोंदला तर ७० टक्के, फार तर ९१ दिवस. क्षयरोगासाठी वाढीव लाभ ८० टक्के आहे, पण त्याला दोन वर्षांच्या नोकरीची अट. रुजू होऊन चार महिन्यांत आजारी पडलेल्या मुलीला वर्गणीचे दिवस भरत नाहीत म्हणून आजारपणाचा एक रुपयाही मिळत नाही. तिच्यासाठी ‘कामामुळे इजा’ हा एकच दरवाजा उघडा असतो. तो उघडायचा तर रुग्णालयाने अपघात अहवाल पाठवायला हवा. क्षयरोगाला अपघात कसा म्हणायचा, असे म्हणून आस्थापना शाखा तो पाठवत नाही.

आणि २१,००० च्या वर पाऊल पडले की? ती परिचारिका ईएसआयच्या बाहेर जाते आणि भरपाईच्या तरतुदींखाली येते. तिथे हिशेबाला धरायचे कमाल मासिक वेतन ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे १५,००० रुपये. तात्पुरत्या अक्षमतेत दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे ३,७५० रुपये, महिन्याला ७,५००. २०,९०० पगारवालीला महिना सुमारे १८,८०० आणि २१,५०० पगारवालीला ७,५००. कायमच्या पूर्ण अपंगत्वाचे गणित वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक. ३५ व्या वर्षी गुणांक १९७.०६, म्हणजे ९,००० गुणिले १९७.०६, एकूण १७,७३,५४० रुपये. मृत्यूला ५० टक्के धरून १४,७७,९५०. पगार ४०,००० असला तरी आकडा हाच. ही मर्यादा केंद्राच्या हातात आहे हे आम्ही जाणतो. राज्याने ती वाढवण्याची लेखी शिफारस करावी आणि स्वतःच्या रुग्णालयांत फरकाची रक्कम स्वतः द्यावी, हे मात्र आपल्याच हातात आहे.

उपचार संपले की फाइल बंद होते, हीही मोठी चूक. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगात दिल्या जाणाऱ्या लिनेझोलिडने पायांच्या नसा आणि डोळ्यांची नस दुखावते. पूर्वी दिलेल्या कॅनामायसिनच्या इंजेक्शनांनी अनेकांची श्रवणशक्ती गेली. जंतू गेले, ‘बरा झाला’ असा शेरा पडला. पण रक्तदाब मोजताना स्टेथोस्कोपमधून ठोके ऐकू न येणाऱ्या सिस्टरची कमाईची क्षमता घटलेली असते, आणि ती मोजायची असते. त्यासाठी उपचार सुरू करताना आणि संपल्यावर श्रवणचाचणी, नेत्रतपासणी आणि फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी हवी. सुरुवातीचा आकडा नसेल तर घट कशावरून काढणार?

कंत्राटी कामगारांबाबत कायद्यात संदिग्धता नाही. काम रुग्णालयाचे असेल तर मूळ मालक म्हणून भरपाई रुग्णालयाने द्यायची आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायची. ‘कंपनी बदलली, जुन्या कंपनीकडे जा’ हे उत्तर बेकायदा आहे. भरपाईचा हक्क सोडल्याची सही करून घेतलेले करारपत्रही रद्दबातल असते, तरी रुजू होताना अशा सह्या घेतल्या जातात. उलट २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर असे बंधन घातले की नोकरीवर घेतानाच भरपाईच्या हक्काची लेखी माहिती कामगाराला समजेल अशा भाषेत द्यायची. मराठीतले असे पत्रक आमच्याकडे आलेल्या एकाही फाइलमध्ये नव्हते.

आशाताईंना ‘स्वयंसेविका’ म्हटल्यामुळे त्या या सगळ्याच्या बाहेर राहतात. राज्याने कर्तव्यावर अपघाती मृत्यू झाल्यास १० लाख आणि कायमच्या अपंगत्वाला ५ लाख देण्याचा निर्णय केला, त्याचे आम्ही स्वागत करतो. पण खोकणाऱ्या रुग्णाच्या घरी जाऊन थुंकीचा नमुना आणणाऱ्या आशाताईला क्षयरोग झाला तर तो ‘अपघात’ कसा दाखवायचा? त्या निर्णयात ‘कर्तव्यामुळे जडलेला संसर्गजन्य आजार’ एवढे शब्द घालावेत. निवासी डॉक्टर आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी यांनाही, विद्यावेतन म्हणा की पगार, त्याच ओळीत आणावे.

करोनाच्या काळात केंद्राने ५० लाखांचे विमा संरक्षण दिले, पण ते मृत्यूपुरते होते. फुप्फुसे कायमची निकामी होऊन घरी बसलेल्यांना त्यातून काही मिळाले नाही. आणि मृत्यूनंतरही नवी मुंबईतल्या एका खासगी डॉक्टरच्या पत्नीला ‘त्यांची सेवा शासनाने अधिकृतपणे मागवली होती का?’ या प्रश्नावर उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. डिसेंबर २०२५ मध्ये निकाल आला. पतीचा मृत्यू २०२० सालचा. साडेपाच वर्षे एका कागदासाठी.

म्हणून आमची मागणी एका शासन निर्णयाची आहे. खासगी रुग्णालयांना तो नोंदणीच्या अटींतून लागू करावा. त्यात सर्वात आधी संपर्क नोंदवही : सुई, रक्त-द्रव उडणे, विनामास्क क्षयसंपर्क यांची नोंद चोवीस तास करता यावी, दोष ठरवणारा रकाना त्यात नसावा, आणि नोंदीवरून कुणालाही मेमो देता येणार नाही असे लिहावे. एचआयव्ही कायदा, २०१७ गोपनीयता मागतो, म्हणून वही दोन भागांत असावी : घटनेच्या भागात नाव, तपासणीच्या भागात फक्त सांकेतिक क्रमांक. प्रतिबंधक गोळ्यांचे पहिल्या ३ दिवसांचे पाकीट प्रत्येक मजल्यावर, कुलपाविना, सीलबंद. सील तुटले की नोंद. रुजू होतानाचा एक्स-रे, चाचण्या आणि ड्युटी लिस्ट नोकरी संपल्यावरही किमान १० वर्षे जपाव्यात. रुग्णालयाच्या कोणत्याही विभागात रुग्णांच्या संपर्कातले काम करणाऱ्याला झालेला क्षयरोग कामामुळेच झाला असे धरून, निदानापासून ७ दिवसांत अधीक्षकांनी स्वतः अहवाल पाठवावा. कर्मचाऱ्याच्या अर्जाची वाट पाहू नये. राज्याच्या स्वतःच्या रुग्णालयांनी अशा दाव्यांत ‘नोंद नाही’ हा बचाव घेऊ नये, असे विधी अधिकाऱ्यांना कळवावे. भरपाई एका महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि निम्म्यापर्यंत दंड बसतो. तो जनतेच्या पैशातून जातो, हेही लेखा शाखेला सांगावे.

नोंदीच्या नमुन्याचा मसुदा आम्ही या पत्रासोबत देत आहोत. एक पान, मराठीत, अकरा रकाने, कार्बन लावून तीन प्रती : पहिली नोंदवहीत, दुसरी अधीक्षकांकडे, आणि तिसरी त्याच तासाला, सही-शिक्क्यासह, ज्याला सुई टोचली त्याच्या हातात.

आपले,
आरोग्यसेवेतील व्यवसायजन्य आजारांच्या प्रकरणांवर काम करणाऱ्या परिचारिका, तंत्रज्ञ, डॉक्टर आणि वकील